सोळा भिंगं, एक डाग

घराला रंग द्यायचं ठरलं तेव्हा काकांनी एकच प्रश्न विचारला, "स्वयंपाकघरालासुद्धा?"

"बाबा, रंग द्यायचा म्हणजे सगळ्या घराला देतात," मुलगा म्हणाला. "आणि स्वयंपाकघराला तर आधी. भिंतींची काय दशा झालीय बघा."

"बरं," काका म्हणाले आणि पेपरातलं 'जुन्या मोटारी विकणे' हे पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. त्यांना मोटार घ्यायची नव्हती. चालवताही येत नव्हती. पण तोंडासमोर धरायला पेपराचं कुठलंही पान चालतं.

काका बससेवेच्या वेळापत्रक विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. कोणती बस कुठून किती वाजता सुटावी हे त्यांनी आयुष्यभर ठरवलं. ती तशी सुटायची का, हा प्रश्न दुसऱ्या विभागाचा होता आणि दुसऱ्या विभागाच्या कामात नाक खुपसणं काकांच्या तत्त्वात बसत नव्हतं. इमारतीत त्यांना पाठीमागे 'वेळापत्रक' म्हणत. काकांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं.

स्वयंपाकघरात ओट्यासमोरच्या भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीला एक डाग होता. बशीएवढा, चहाच्या रंगाचा, कडेकडेनं विरत गेलेला. दुपारची कामं आटपली की काकू तिथं बुटक्या स्टुलावर बसत आणि डोकं मागं टेकत. केसांना तेल असायचं. भिंतीनं ते रोज थोडं थोडं घेतलं आणि संसाराबरोबर डागही वाढला. पाहुणे येणार असले की काकू त्यावर कॅलेंडर टांगायच्या. "इतक्या खाली कॅलेंडर कशाला हो?" असं एका पाहुण्यानं विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "बसून बघितलं की महिना लांब वाटत नाही."

काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या साड्या वाटून झाल्या, औषधं फेकून झाली, चपला कुणीतरी कधीतरी हलवल्या. डाग मात्र सामानात धरला गेला नव्हता, म्हणून राहिला होता.

काकांनी शांतपणे विचार केला. भिंत काही कपाटात ठेवता येत नाही. तेव्हा डागाचा फोटो काढावा, म्हणजे रंगाऱ्याला मोकळीक आणि आपल्यालाही. साधी गोष्ट. जगातली बहुतेक संकटं 'साधी गोष्ट' या दोन शब्दांपासून सुरू होतात, हे काकांना इतकी वर्षं वेळापत्रकं करून कळायला हवं होतं.

काकांचा स्वतःचा फोन बटणांचा होता. सुनेचा मागावा, तर 'कशाला हवाय बाबा?' हा प्रश्न आलाच. भिंतीवरच्या तेलाच्या डागाचा फोटो हवाय, हे सासऱ्यानं सुनेला कुठल्या तोंडानं सांगावं? वेळापत्रकाच्या तक्त्यात प्रत्येक गोष्टीला रकाना होता, फक्त हळवेपणाला नव्हता. काका तडक दुकानात गेले.

"असा कॅमेरा द्या," ते म्हणाले, "की जे आहे ते दिसेल."

दुकानातल्या माणसानं काचेच्या कपाटातून साबणाच्या वडीएवढी एक काळी चपटी वस्तू काढली. तिच्या पाठीवर गोल गोल भिंगं विखुरली होती, कुणीतरी मूठभर मणी फेकावेत तशी. "काका, ह्याला सोळा डोळे आहेत. एकदा बटण दाबलं की सोळा फोटो निघतात. आतला कॉम्प्युटर त्यातलं चांगलं तेवढं घेतो आणि सगळं शिवून एक फोटो करतो. तुम्ही फक्त दाबायचं. विचार तो करतो."

"मला दोन डोळे आहेत आणि त्यांनाही चष्मा लागतो," काका म्हणाले. "सोळा म्हणजे फार होतात."

"कशाचे फोटो काढणार आहात?"

काका गडबडले. "पक्ष्यांचे," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी कावळ्यापलीकडे पक्षी ओळखला नव्हता. पण तोंडातून गेलेला शब्द आणि डेपोतून सुटलेली बस परत बोलावता येत नाही. घरीही मग तेच सांगावं लागलं. "ह्या वयात काहीतरी छंद हवाच," सूनबाई म्हणाली आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी रुंद काठाची टोपी घेऊन आली. पक्षीवाले तसली घालतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी मुलगा नि सून कामावर गेल्यावर काकांनी स्वयंपाकघराचं दार आतून लावलं, भिंतीसमोर मांडी घातली आणि बटण दाबलं. कॅमेऱ्यानं जरा वेळ आपल्याशीच विचार केला आणि फोटो दाखवला.

भिंत लख्ख होती. डागाचा मागमूस नव्हता.

काकांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. डाग होता. फोटोत पाहिलं. नव्हता. पुन्हा काढला. पुन्हा नव्हता. जवळून, लांबून, खिडकी उघडून, दिवा लावून, चष्मा पुसून काढला. प्रत्येक वेळी भिंत आधीपेक्षा गोरी झाली. शेवटच्या फोटोत तर ती कालच बांधल्यासारखी दिसत होती.

काकांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बराच वेळ सनई वाजल्यासारखं काहीतरी वाजत राहिलं आणि मग एका मुलीनं आवाज दिला.

"आपली काय अडचण आहे, सर?"

"फोटोत भिंत फार स्वच्छ येते."

"धन्यवाद, सर. आपलं समाधान हेच आमचं..."

"अहो, समाधान नाही. तक्रार आहे. भिंतीवर डाग आहे, तो येत नाही."

"डाग येत नाही ही तक्रार आहे?"

"हो."

"सर, माझ्याकडे 'फोटोवर डाग आला' अशी तक्रार घेता येते. 'डाग आला नाही' अशी घेता येत नाही." मुलगी मनानं चांगली असावी, कारण तिनं आवाज खाली केला. "सर, कॅमेऱ्याला वाटतं तो डाग म्हणजे फोटोतली खराबी आहे. सफाई बंद करा. पण मग फार जवळून काढू नका. जवळचं असलं की सोळा भिंगांना ते वेगवेगळ्या जागी दिसतं, आणि शिवताना गडबड होते."

काकांनी सफाई बंद केली. आता डाग आला, पण एकाऐवजी तीन आले. भिंतीवर तीन बायका शेजारीशेजारी डोकं टेकून बसत होत्या, असं कुणालाही वाटलं असतं. काका त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी तो पुसून टाकला. एकच होती, तर तीन कशा चालतील?

याच सुमारास मुलानं सहज कॅमेरा उचलला आणि बोटानं एकेक फोटो सरकवत गेला. भिंत. भिंत. भिंत. मध्ये एकदा पाइपावर बसलेला कावळा आला, तोही सफाईमुळे तेल लावल्यासारखा चकचकीत. नंतर पुन्हा भिंत. त्या रात्री जेवताना मुलगा जरुरीपेक्षा गोड बोलत होता. "बाबा, माझ्या ऑफिसात एकाची बायको डॉक्टर आहे. नुसतं बोलायला जायचं. एकटं असलं की मनावर परिणाम होतो माणसाच्या, त्यात लाजायचं काही नाही."

"मला काही झालेलं नाही," काका म्हणाले.

"तेच म्हणतात सगळे," मुलगा म्हणाला आणि त्यांच्या पानात आग्रहानं भात वाढला. जन्मभर ज्याला 'पायांत चपला घाल' म्हणून ओरडलो, त्यानं आपल्याकडे असं सांभाळून बघावं, हे काकांना भाताबरोबर गिळावं लागलं.

रंगारी सोमवारी येणार होता. शनिवारी काकांनी अंतराचा प्रश्न सोडवला. स्वयंपाकघर अरुंद, मागं सरकायला जागा नाही. पण घराचं पुढचं दार, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघराचं दार एका रेषेत होतं. दोन्ही दारं उघडी टाकून दाराबाहेर जिन्यात गुडघे टेकून बसलं, तर डाग थेट समोर दिसत होता. काका बसले. कॅमेरा डोळ्याला लावला. आणि वरून खाली येणारे दातांचे डॉक्टर त्यांना अडखळून पडता पडता वाचले.

"काका! गुडघ्यावर? कशाचा फोटो काढताय?"

"काही नाही. भिंतीचा."

डॉक्टरांनी वाकून कॅमेऱ्याच्या रेषेत पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. ते काकांच्या बरोबर वर राहत, आणि इमारतीतला माणूस दुसऱ्याच्या भिंतीवरचा डाग बघतो तेव्हा त्याला आधी स्वतःचं न्हाणीघर आठवतं. "ओल आहे का?"

इथं काकांनी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण 'नाही' म्हटलं की 'मग काय आहे?' आलंच. काका म्हणाले, "हं, तसंच काहीतरी."

झालं. डॉक्टर जिना उतरायचे ते उलटे चढून गेले. आपल्याकडून गळती नाही हे सिद्ध करायला त्यांनी दवाखान्यातल्या लाल गोळ्या आणल्या. दातांवरचं किटण दिसावं म्हणून रोग्याला चघळायला देतात त्या. त्यांतल्या पुष्कळशा बादलीत विरघळवल्या आणि ते पाणी न्हाणीघरात ओतलं. "लाल पाणी तुमच्या भिंतीत उतरलं तर दोष माझा," ते जिन्यात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

काकांच्या भिंतीत एक थेंब उतरला नाही. पाणी आडवं गेलं आणि शेजारी राहणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बैठकीच्या छताला फुटलं. नवं कोरं पांढरं छत गुलाबी झालं, आणि सेक्रेटरींच्या पत्नी दुपारच्या झोपेतून उठून वर बघत किंचाळल्या, कारण लाल काहीतरी छतातून ठिबकत असेल तर माणूस दातांच्या गोळ्यांचा विचार करत नाही.

रविवारी सकाळी काकांच्या स्वयंपाकघरात सभा भरली. सेक्रेटरी होते, डॉक्टर होते आणि सेक्रेटरींनी आणलेला एक इंजिनियर होता. मुलगा रंगाचे डबे आणायला गेला होता. सूनबाई ओट्याशी चहा टाकत होती. सगळे त्या बुटक्या स्टुलाभोवती उभे राहून डागाकडे बघत होते. त्या डागाकडे एका वेळी इतक्या माणसांनी कधीच पाहिलं नव्हतं. काकूंनी तर लगेच कॅलेंडर टांगलं असतं.

"काकांनी फोटो काढून ठेवलेत," सेक्रेटरी इंजिनियरला म्हणाले. "पुरावा जमवतायत. बरोबरच आहे. जुने सरकारी नोकर. पण काका, आधी माझ्याकडे यायचं होतं. थेट कॅमेरा कशाला?"

"माझं न्हाणीघर ह्या भिंतीच्या वर येतच नाही," डॉक्टर म्हणाले.

"तुमचं न्हाणीघर माझ्या डोक्यावर आलंय!"

इंजिनियर कमी बोलणारा होता. त्यानं डागावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि पिशवीतून छोटी हातोडी नि छिन्नी काढली. "वरचा गिलावा थोडा काढून बघू. आत पाणी आहे की नाही ते कळेल."

"थांबा," काका म्हणाले.

"एवढासाच तुकडा, काका. नाहीतरी उद्या रंग आहेच." त्यानं छिन्नी डागाच्या मधोमध टेकवली.

"हात काढा तिथून!"

काकांचा आवाज एवढा मोठा आहे हे त्या घराला माहीत नव्हतं. सूनबाईच्या हातातली गाळणी कपात पडली. इंजिनियरनं छिन्नी मागं घेतली.

"ओल नाहीये ती," काका म्हणाले.

"मग काय आहे?" सेक्रेटरींनी विचारलं. तो प्रश्न शेवटी आलाच.

काका भिंतीकडे बघूनच बोलले, जणू वरिष्ठांना जाब देत होते. "तेल आहे. तिच्या डोक्याचं. इथं बसायची ती दुपारी, डोकं टेकून. उद्या रंग लागणार. म्हणून मी फोटो... तेवढंच."

माणसाला कोणत्या गोष्टीवर काय म्हणावं याचे शब्द ठरलेले असतात. याला नव्हते. इंजिनियरनं हातोडी पिशवीत ठेवली आणि तिची चेन लावायला विनाकारण फार वेळ घेतला. सेक्रेटरी "असं होय," म्हणाले, मग पुन्हा "असं होय" म्हणाले. डॉक्टर दारापर्यंत जाऊन परत आले. "काका, मला सांगायचं ना," ते हळूच म्हणाले. "मी उगाच घर लाल केलं." चहा कुणी घेतला नाही. चपला घालण्याचे आवाज झाले आणि जिना शांत झाला.

काका स्टुलाजवळ तसेच उभे होते. अब्रू गेली असं त्यांना वाटत होतं आणि तिला शोधायला कुठं जावं ते कळत नव्हतं.

सूनबाईनं हात पुसले. काही न विचारता आपला फोन काढला, भिंतीसमोर धरला आणि एकदा बोट टेकवलं. "बघा, बाबा."

फोटोत डाग होता. एकच होता, जिथं होता तिथं, जसा होता तसा. इतके दिवस सोळा भिंगांशी कुस्ती खेळून जे जमलं नव्हतं, ते चुटकीसरशी झालं होतं. काकांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. हवं होतं ते मिळालं होतं. आणि त्यात काहीच नव्हतं. फोटोत तो नुसता तेलाचा डाग होता. कुणाच्याही घरातला, कुठल्याही भिंतीवरचा.

"छान आलाय," ते म्हणाले आणि फोन परत दिला.

सूनबाईला ते समजलं असावं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. "तुम्ही कधी बघितलं होतं का हो आईंना इथं बसलेलं?"

काकांनी आठवून पाहिलं. दुपारी ते ऑफिसात असत. सुट्टीच्या दिवशी काकू त्यांच्या मागंपुढं असत. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुपारच्या चहाची वेळ ठरवून दिली, मग वर्तमानपत्राची कात्रणं, मग फिरणं. काकूंचं बसणं त्या तक्त्यात कुठं बसलंच नाही. डाग त्यांनी रोज पाहिला होता. डाग पाडणारी त्या जागी बसलेली त्यांनी एकदाही धड पाहिली नव्हती.

"मी बघितलंय," सूनबाई म्हणाली. "लग्नानंतर माझी नोकरी सुटली होती तेव्हा. मी एकदा म्हटलं, आई, आत जाऊन पडा ना जरा. तर म्हणाल्या, नको गं. ह्यांच्या सगळ्या गाड्या सुटल्यात, आता संध्याकाळपर्यंत कुणी यायचं नाही. हा वेळ माझा."

काका भिंतीकडे बघत होते. "डोळे मिटून बसायची?"

"नाही. उघडे असायचे. समोर बघत."

"काय बघायची?"

"मला विचारायचं सुचलं नाही कधी," ती म्हणाली आणि चहाचे कप उचलून मोरीत ठेवू लागली, पाठ त्यांच्याकडे करून.

काकांनी स्टूल भिंतीला लावलं. एक हात ओट्यावर, एक भिंतीवर ठेवून ते खाली बसले. गुडघे वाजले. काकू त्यांच्यापेक्षा बऱ्याच बुटक्या होत्या, त्यामुळे डोकं डागाच्या वर गेलं. काका स्टुलावरून पुढं घसरत घसरत, पाय लांब करत, शेवटी अर्धे जमिनीवर आले तेव्हा त्यांचं टक्कल बरोबर त्या जागी टेकलं. भिंत तिथं किंचित गुळगुळीत होती. काका समोर बघू लागले.

खिडकीचा वरचा अर्धा भाग दिसत होता. त्यातून समोरच्या इमारतीची गच्ची, गच्चीवरची पाण्याची टाकी. टाकीतून बाहेर आलेला पाइप. पाइपावर वाळत टाकलेलं एक फडकं. उरलेल्या जागेत आकाश, फारसं निळंही नव्हे. काकांना वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय, नीट बघायला हवं. ते नीट बघू लागले. फडकं थोडं हललं. एवढ्या वर्षांच्या दुपारी इथं बसून बघण्यासारखं काहीतरी असणार. एखादं झाड, एखादी बाई, एखादं मूल खेळणारं. काही नव्हतं. टाकी होती.

"बाबा, चहा देऊ?" सूनबाईनं विचारलं. मोरीकडे तोंड करूनच.

"थांब जरा," काका म्हणाले.

त्यांनी खिशातून कॅमेरा काढला, डोकं भिंतीवरून न हलवता तो कपाळाशी धरला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्यानं सोळा डोळ्यांनी पाहिलं, विचार केला, आणि टाकी, पाइप, फडकं सगळं एकत्र शिवून दिलं.

सोमवारी रंगारी आला. स्वयंपाकघर दुपारपर्यंत फिकट पिवळं झालं. मुलगा सकाळीच म्हणाला होता, "बाबा, ती भिंत तशीच ठेवू का? आम्हाला चालेल." त्याला बायकोनं सांगितलं होतं. काका म्हणाले, "नको. एक भिंत जुनी दिसते मग," आणि रंग देताना ते घरात थांबले नाहीत. फोटो छापून देणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसले.

दुकानातल्या मुलीनं पडद्यावर फोटो मोठा केला. वर नेला, खाली नेला. तिला वाटलं, काकांचा हात चुकून दाबला गेला असेल. "काका, हाच छापायचा? ह्यात बघायचं काय आहे?"

"तेच कळत नाहीये," काका म्हणाले. "म्हणून जरा मोठा करून द्या."